छपरावर झुकलेलं झाड

रीतीप्रमाणे नातवाच्या पायांत बांधलेली काळी-पांढरी दोरी कापून त्याला पहिल्यांदा चालतं केलं, त्याच वर्षी शरदात जुमाश आपल्या आवारातल्या पॉपलरच्या बुंध्याला लोखंडी साखळी आवळत होता. दोरी कापायच्या दिवशी सगळं गाव जेवून गेलं. भिंतीला भिंत लागून राहणारा धाकटा भाऊ कुबात तेवढा आला नव्हता.

आज आला होता, पण ट्रॅक्टरवरून उतरला नव्हता.

"साखळी कशाला?" त्याने विचारलं. "झाड पळून जाईल म्हणून?"

"बुंधा उभा फाटू नये म्हणून."

"फाटला तर तुझ्या छातीवर येईल. मला काय त्याचं!"

"ठाऊक आहे. म्हणून तर बांधतोय."

झाड वाळलं होतं. आतून किडीने पोखरलं होतं आणि झुकलं होतं ते नेमकं कुबातच्या छपरावर. त्या छपराखाली त्यांची म्हातारी आई, अपा, झोपायची. आई धाकट्या मुलाकडे राहते, रीतच तशी. नाहीतर जुमाशने त्या घरासाठी हातात करवत घेतली नसती. तीन उन्हाळ्यांपूर्वी पाटाच्या पाण्याच्या पाळीवरून कुबातने फावड्याचा दांडा घालून त्याच्या खांद्याचं हाड मोडलं होतं. थंडी पडली की तो खांदा अजून ठणकायचा.

झाड झुकल्या बाजूच्या उलट, जुमाशच्या मोकळ्या वावरात पाडायचं होतं. त्यासाठी शेंड्याजवळ तारेचा दोर बांधायचा आणि दूरवरून ट्रॅक्टरने तो ताणून धरायचा. खाली जुमाश कापत जाणार. दोर सैल पडला तर झाड मागे, घरावर. जुमाशने हात वर करून खूण करायच्या आधीच जोरात ओढलं तर पोकळ बुंधा फाटणार, साखळी असली तरी. मग कापणाऱ्याचं काय होतं ते जुमाशने जंगलखात्यात असताना पाहिलं होतं. त्या माणसाला घोंगडीत गोळा करून न्यावं लागलं होतं.

म्हणजे जुमाशचा जीव ट्रॅक्टरच्या क्लचवर, आणि क्लचवर पाय कुबातचा.

घर पडलं तरी कुबातचं फारसं बिघडणार नव्हतं. वसंतात जुन्या भिंती पाडून नवं बांधणार, असं तो गावभर सांगत सुटला होता.

जुमाश खिडकीपाशी गेला. "अपा, बाहेर ये. झाड पडेपर्यंत आत कुणी थांबायचं नाही."

"मी नाही हलायची," आतून आवाज आला. "मी आत असले तरच तुम्हा दोघांचे हात सरळ चालतील. बाहेर आले की तुम्ही एकमेकांचे गळे धराल."

"अपा, हा काय पोरखेळ आहे?"

"पोरखेळ तुम्ही मांडलाय. जा, काप."

जुमाशने आणखी एकदा हाक मारली, पण फार जोर लावला नाही. म्हातारी आत आहे म्हटल्यावर कुबात दोराशी खेळणार नाही, हे त्याला पटलं होतं. आईच्या जिवाआड उभं राहायची त्याला लाज वाटली नाही. त्याने शिडी लावली आणि दोर घेऊन वर चढला. वरून उतरायला त्याला बराच वेळ लागला, खांदा साथ देत नव्हता.

खाली आल्यावर त्याने मागच्या तिरक्या वाटेवरचे दगड, फांद्या उचलून टाकल्या. पळायची वेळ आलीच तर पायात काही यायला नको. कुबात ट्रॅक्टरवर बसलेलाच होता.

"झाली का नमाज?" तो ओरडला. "की अजून झाडाची पूजा बाकी आहे?"

"मी हात वर केल्याशिवाय ओढायचं नाही."

"मला शिकवू नकोस."

जुमाशने वावराच्या बाजूने खाच घेतली. भुसा आधी पांढरा निघाला, मग तपकिरी, मग ओला काळा. आत धड लाकूड होतं ते कडेकडेला. झाड वळवायला बिजागरीसारखी जी पट्टी शिल्लक ठेवायची, ती त्याने नेहमीपेक्षा जाड ठेवली. मग मागे जाऊन, घराकडे पाठ करून, त्याने उलटा काप सुरू केला. पाचर ठोकली. दुसरी ठोकली. बुंधा आतून करकरला आणि साखळीचे वेढे ताठ झाले. दोर जरासा थरथरला. जुमाश कुबातकडे पाहू लागला. कुबातची नजर त्याच्या हातावर होती.

जुमाशने हात वर केला.

दोर सावकाश ताणला गेला, कुणी वासरू दाव्याने ओढून न्यावं तसा. झाड सरळ झालं, क्षणभर उभं राहिलं आणि वावरात आडवं झालं. तिरक्या वाटेवर उभ्या जुमाशच्या अंगावर धूळ येऊन बसली.

तो कुबातच्या घरात धावला. "अपा!"

खोली रिकामी होती.

म्हातारी सापडली पलीकडच्या शेजारणीच्या, सायराच्या अंगणात. चहात नान बुडवून खात होती.

"तू इथे कशी?"

"तू शिडीवर होतास ना, तेव्हा आला मेला कुबात. मी नको नको म्हणत होते. पोत्यासारखी पाठीवर घेतली आणि मागच्या दाराने इथे आणून टाकली."

"मला का नाही सांगितलं?"

"मी म्हटलं त्याला, जुमाशला सांग. तर म्हणतो, सांगितलं तर तो करवत खाली ठेवेल." तिने पेला सायरापुढे केला. "का रे? तू का ठेवशील करवत?"

जुमाश तसाच मागे वळला. तो परत वावराकडे आला तेव्हा कुबात दोर गुंडाळत होता. जुमाशने दुसरं टोक सोडवलं आणि हातात धरून उभा राहिला.

"शेंडा माझ्या बांधावर आलाय," कुबात म्हणाला. "आजच्या आज उचल."

"उचलतो."

त्यानंतर दोघांत बोलणं झालं ते पाण्याच्या पाळीपुरतंच. कुबात पुढच्या वर्षी जून महिन्यात कुरणावर घोड्यावरून पडून वारला. अपा त्याच्यानंतर चार वर्षं जगली, जुमाशच्या घरात.