कोरडं खरवडायचं नाही

बायको गेल्यापासून तो आतल्या खोलीत झोपला नव्हता. बाहेर बाकावर अंग टाकायचा. कुणी विचारलं तर सांगायचा, इथे वारा बरा लागतो. पण त्याला त्या खोलीच्या छताखाली डोळे मिटायचे नव्हते.

छत जुन्या तऱ्हेचं, दाणेदार. गिलाव्यावर कधीकाळी जाड लेप फवारलेला, तो वाळून खडबडीत झालेला. दार जोरात लागलं की वरून भुकटी पडायची. आजारपणात बायको उताणी पडून तिकडेच बघत असायची. एकदा म्हणाली, "अहो, हे छत श्वास घेतं. माझ्याबरोबर."

"मग त्याच्याकडून भाडं घेऊ," तो म्हणाला होता. ती हसली आणि हसता हसता खोकली.

तिच्या श्वासाची तेव्हा एक चाल पडून गेली होती. दोन आखूड, एक लांब, मग थांबा. थांबा आला की तो हातातलं काम सोडून उभा राहायचा. शेवटी एक थांबा संपलाच नाही.

लेकीला मुलगी झाली. लेक फोनवर म्हणाली, "बाबा, मी येते, पण बाळाला त्या छताखाली नाही निजवणार. आधी ते काढून घ्या. आणि लगेच शिडीवर चढू नका, तपासून घ्या."

नातीला त्याने अजून पाहिलं नव्हतं. मग करायलाच हवं होतं.

त्याने लेप ओला करून चिमूटभर काढला, पिशवीत बंद करून तपासायला दिला. जुन्या लेपात अ‍ॅस्बेस्टॉस असलं तर त्याची धूळ छातीत जाऊन बसते. मग आपण हात लावायचा नाही, त्या कामाची माणसं बोलवायची. उत्तर आलं, काही नाही. त्याला हायसं वाटलं आणि जरा वाईटही वाटलं. दोष द्यायला निदान काहीतरी मिळालं असतं.

मदतीला मेहुणी आली. दोघांनी पलंग, कपाट बाहेर ओढलं. वीज बंद केली, पंखा उतरवला, तारांची टोकं चिकटपट्टीने गुंडाळली. जमिनीवर आणि भिंतींवर प्लास्टिक लावलं, खिडकी बंद केली, दारावरही प्लास्टिकचा पडदा चिकटवला. मग तो बादलीत ऊन पाणी घेऊन आला, त्यात भांड्यांच्या साबणाचे चार थेंब टाकले आणि सवयीने कोपर बुडवून पाहिलं.

"भाऊजी, छताला न्हाऊ घालताय का?" मेहुणी हसली.

बायकोचं अंग पुसायचं पाणी तो याच बादलीत असंच कोपराने बघायचा. मेहुणीच्या ते लक्षात आलं. "द्या इकडे, पंपात भरते," ती हळू आवाजात म्हणाली.

तोंडाला मास्क, डोळ्यांना चष्मा लावून तो एकटा आत राहिला. फवारायचं, पाणी मुरू द्यायचं, मग रुंद पट्टी आडवी धरून सरकवायची. ओला लेप सायीसारखा सुटून खाली पडत होता. काम चांगलं चाललं होतं. दुपारपर्यंत फक्त पलंगाच्या जागेवरचा तुकडा उरला, तिच्या उशीच्या बरोबर वरचा. तो त्याने मुद्दाम शेवटी ठेवला होता.

त्यावर पाणी मारलं आणि तो मुरायची वाट बघत थांबला, तेव्हा दारावरचं प्लास्टिक आत आलं. बाहेर गेलं. पुन्हा आत, बाहेर. मग सावकाश आत आलं, फुगून राहिलं, सावकाश गेलं. मग काही नाही.

मग पुन्हा दोन आखूड.

"मागचं दार उघडलंस का गं?" त्याने हाक मारली.

"कुठलं? सगळी दारं लावलेली आहेत. बाहेर पानसुद्धा हलत नाहीये."

"मग प्लास्टिक कोण ओढतंय?"

पडद्यापलीकडे तिची सावली उठून उभी राहिली. तीही बहिणीच्या उशाशी बसलेली होती. तिलाही ती चाल पाठ होती.

"भाऊजी, बाहेर या. राहू द्या तेवढं."

"बाळाचा पाळणा कुठे टांगू मग?"

"मग पटकन ओढून काढा!"

"अजून मुरलं नाही. कोरडं खरवडायचं नाही."

पट्टी हातात धरून तो शिडीवर उभा राहिला. मेहुणी खाली बसली. तिने पडद्यावर तळवा ठेवला. प्लास्टिक त्या तळव्याखाली आत-बाहेर होत राहिलं.

"ताई," ती म्हणाली, "पोर यायची आहे. जागा दे."

त्याने पट्टी लावली. तुकडा अख्खा सुटला आणि थपकन खाली पडला. प्लास्टिक एकदा आत आलं, बाहेर गेलं आणि थांबलं.

दोघंही थांबले. तेव्हा तिच्या उशाशी थांबले होते तसेच, तेवढाच वेळ. पुढचा आला नाही.

मग त्याने सगळं ओलं असतानाच पिशव्यांत भरलं, तोंडं घट्ट बांधली, ओल्या फडक्याने भिंती पुसल्या. छत वाळलं, मग पुट्टी आणि पांढरा रंग.

लेक आली. नात पाळण्यात झोपली, तशी लेक आंघोळीला गेली. तो पाळण्याशी बसला. वर छत गुळगुळीत होतं, बघण्यासारखं त्यात काही उरलं नव्हतं. त्याने बाळाकडे पाहिलं.

दोन आखूड. एक लांब. मग थांबा.

त्याच्या हातातलं दुपटं खाली पडलं. दारात मेहुणी होती. तिनेही पाहिलं होतं. "तान्ही मुलं घेतात असाच श्वास," ती म्हणाली. पण तिचा चेहरा उतरला होता.

तो श्वास रोखून बसला. थांबा लांबत गेला.

मग बाळाची छाती वर आली.

त्या रात्रीपासून तो आत झोपू लागला, पाळण्याच्या बाजूला, जमिनीवर. मध्येच जागा होतो. थांब्यात कान देतो. पुढचा श्वास आला की म्हणतो, "हं," आणि कूस बदलतो.