लक्ष्मणरावच्या घराची तिरपी चौकट

नत्थू मिस्त्रीनं बांधलेलं घर तिरपं राह्यते, असं देवळी गावात कोणीबी सांगल. सांगू द्या! तीस वर्षं हातात ओळंबा धरला, माझी एक भिंत सूतभर कलली नाई. पण लक्ष्मणरावच्या घराचं मले मुकाट्यानं ऐकून घ्यावं लागते.

ते घर मी एकाहत्तर साली बांधलं, मार्गशीर्षात. बाकीचे मिस्त्री काय करतात, सकाळी सूर्य निघाला की त्याच्याकडं दोरी ताणतात अन् म्हणतात, झाली पूर्व. अरे बाबा, थंडीत सूर्य दक्षिणेकडं सरकून निघते. त्याच्या भरवशावर पाया घातला तर घरबी सरकलंच ना! माझ्या बापानं शिकवलं तसं मी केलं. जमीन सपाट केली, मधात खुंटी ठोकली, भोवती दोरीनं गोल काढला. सकाळी खुंटीच्या सावलीचं टोक गोलाले लागलं तिथं एक खूण, दुपारनंतर लागलं तिथं दुसरी. दोन खुणा जोडल्या की खरी पूर्व-पश्चिम. अख्खा दिवस बसावं लागते. मी बसलो. लक्ष्मणराव वावरात गेलते, त्यायनं काई पाह्यलं नाई.

पुढं त्यायच्या पोराचं, घनश्यामचं लग्न झालं. सून आली, कोकिळा. सहा वर्षं झाली तरी लेकरू नाई. मंग एकोणऐंशीच्या वैशाखात लक्ष्मणरावनं वर्ध्याहून प्रभाकरराव गुरुजीले आणलं. रिटायर मास्तर, लोकायच्या घराची वास्तू पाहाचे. घर बांधणारा म्हणून मलेबी बोलावलं.

लक्ष्मणरावच्या बायकोनं, मनकर्णाबाईनं, समुद्रपूरची एक पोरगी आधीच पाहून ठेवली होती. घरात दोष निघाला तर तो काढायचा. नाई निघाला तर दोष सुनेत, तिले माहेरी पोचवायचं अन् घनश्यामचं दुसरं लग्न लावायचं. अख्ख्या गल्लीले हे ठाऊक होतं. कोकिळेलेबी.

दिवस निघाल्याबरोबर गुरुजीनं सुरुवात केली. दार पाह्यलं, चूल पाह्यली, विहीर पाह्यली. मी मागं मागं, छाती फुगवून. शेवटी ओसरीवर बसले अन् म्हणाले, "दार पूर्वेला, चूल आग्नेयेला, विहीर ईशान्येला. इतकं बिनचूक घर मी जिल्ह्यात पाहिलं नाही."

आयुष्यात मले कोणी एवढं चांगलं म्हणलं नव्हतं, खरं सांगतो. पण मनकर्णाबाई लगेच म्हणाली, "मंग झालं. दोष कोणात हाये ते समजलं."

घनश्याम पायाच्या अंगठ्याकडं पाहून राह्यला होता. बैल कुठला! कोकिळा चहाचा ट्रे घेऊन उभी होती. तिनं तो खाली ठेवला, एक कप हलला नाई, अन् आत गेली. आतून पेटीची कडी वाजली. कोणी जा म्हणायच्या आधीच लुगडी भरून राह्यली होती ती. भिंतीचं काय, तिच्यावर दोष टाकला तर ती थोडीच माहेरी जाते?

"गुरुजी," मी म्हणलं, "चुकलं माझं."

"काय चुकलं?"

"मार्गशीर्षातल्या सूर्यावर दोरी ताणली मी. घर दक्षिणेकडं सरकलं. इथं उंबऱ्यावर येऊन पाहा."

सगळे उंबऱ्यावर आले. सूर्य कासराभर वर, दाराच्या पार डावीकडं. वैशाखात तो उत्तरेकडं, म्हणजे डावीकडंच निघते, घर अगदी सरळ असलं तरी! पण लक्ष्मणरावच्या तोंडचं पाणी पळालं. "अन् आठ वर्षं बोलला नाईस, हरामखोर?"

गुरुजी मात्र पंचांगावर जगणारा माणूस. त्यायनं सूर्याकडं पाह्यलं, मंग माझ्याकडं. मले वाटलं, आता मेलो. आतून पेटी ओढल्याचा आवाज आला. गुरुजीनं चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसत बसले.

"मिस्त्री म्हणतो ते खरं आहे," ते म्हणाले. "माझ्या नजरेतून सुटलं. चौकट थोडी उत्तरेकडे वळवून घ्या. सुनेचा यात काही संबंध नाही."

सरळ भिंत मी माझ्या हातानं फोडली अन् त्यात तिरपी चौकट बसवली. तीन दिवस जेवण गेलं नाई. दोन वर्षांनी पुन्हा समुद्रपूरचं नाव निघालं, तवा मी ओसरीची एक भिंतबी चुकीची ठरवून पाडली. मंग कोणी नाव काढलं नाई. तेवढ्यात समुद्रपूरच्या पोरीचंबी लग्न होऊन गेलं.

कोकिळेले लेकरू झालं नाई. गुरुजी वारले. मनकर्णाबाईले लकवा झाला, खाटेवर पडली. तिले घास भरवणारी कोकिळाच.

परवा दार लागत नाई म्हणून तिनं मले बोलावलं. मी रंधा मारत होतो. ती बाजूले उभी राह्यली अन् एकदम म्हणाली, "नत्थूजी, तुमच्या एका दोरीपायी माझी कूस रिकामी राह्यली. मी तुमाले कधी माफ करणार नाई."

तोंडाशी आलं होतं सगळं. पण आत खाटेवर म्हातारी जागी होती, अन् तिचे कान शाबूत होते.

"नका करू माफ, बाई," मी म्हणलं, अन् रंधा मारत राह्यलो.