फळी कढईला लागली

ऑक्टोबरच्या दुसऱ्या शनिवारी आमच्या डोंगरावरच्या पार्कात ॲपल बटर शिजतं. नावाला लोणी, पण त्यात लोण्याचा थेंब नसतो. सफरचंदाचा गर तांब्याच्या कढईत काळपट होईपर्यंत आठ-नऊ तास आटवायचा, एवढंच. मात्र त्या आठ-नऊ तासांत ढवळणं क्षणभरही थांबता कामा नये, नाहीतर गर तळाला लागतो आणि सगळी कढई वाया जाते. पानांचे रंग बघायला शहरातून लोक मोटारी भरभरून येतात, भोपळे घेतात, ट्रॅक्टरमागच्या गवताच्या गाडीतून फेऱ्या मारतात आणि आमचे फोटो काढतात. आम्ही म्हणजे, ज्यांच्या आजोबांची घरं या पार्काच्या जागेत होती ती माणसं. पार्क झाला तेव्हा घरं गेली. कबरी तेवढ्या राहिल्या.

त्या कबरींवरूनच माझं आणि माझ्या थोरल्या भावाचं, डेल्मरचं, फाटलं.

वरच्या खोऱ्यात आमच्या घराण्याची लहानशी दफनभूमी आहे. तिचं कुंपण वाढवायला परवानगी नाही. आत मावतील तेवढी माणसं. आईला पुरल्यावर दोनच जागा उरल्या होत्या, एक डेल्मरची आणि एक माझी, आणि हे सगळ्यांना ठाऊक होतं. सहा वर्षांपूर्वी माझा नवरा लोवेल सकाळी कॉफी पिता पिता गेला. लोवेल बाल्टिमोरचा, त्याचा या डोंगराशी काडीचा संबंध नाही. पण त्याला खाली गावात एकट्याला ठेवायचं माझ्या जिवावर आलं. डेल्मर तेव्हा ओहायोत टायरच्या कारखान्यात होता. त्याला न विचारता मी लोवेलला डेल्मरच्या जागेत पुरलं. शिवाय दगडावर लोवेलच्या शेजारी माझंही नाव कोरून घेतलं, मरणाचं साल तेवढं कोरं ठेवून. डेल्मर दफनाला आला, त्यानं कुंपणाच्या आत बघितलं, टोपी डोक्यावर चढवली आणि गाडीत जाऊन बसला. त्यानंतर तो माझ्याशी बोलला नाही. मीही बोलले नाही. हट्टीपणात आमच्या घरात कुणी कुणाला हार गेलेलं नाही.

गेल्या वर्षी तो निवृत्त होऊन गावात परतला, आणि या उन्हाळ्यात त्याला स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला. नाताळ काही दिसत नाही, असं डॉक्टर म्हणाले. ही बातमी मला आमची चुलत बहीण ओपल हिनं वाणसामानाच्या दुकानात दिली, अंड्यांच्या खोक्यांसमोर. मला रडू यायला हवं होतं. माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हे, की आता तो माझी जागा मागणार.

खोटं कशाला बोलू? द्यायची माझी तयारी नव्हती. भांडी घासताना मी उत्तराची तालीम करायचे: ‘माझं नाव कोरलंय डेल्मर, आता काय दगड खरवडू?’ मला लोवेलशेजारी झोपायचं होतं. तेवढी एकच गोष्ट माझी म्हणून उरली होती.

त्या शनिवारी सकाळपासून धुकं होतं. आधीच्या आठवड्यातल्या पावसानं पानं झोडपून काढली होती, झाडांवर रंग असा उरलाच नव्हता. पाहुणे मंडळी कुरकुरत होती, जणू आम्हीच पानं झटकली. कढईची मालकीण ओपल. तिच्या हाताखाली मी पहाटेपासून दांड्यावर होते. आमचा दांडा आठ फूट लांब, टोकाला भोकं पाडलेली फळी. दोन माणसं धरतात. पुढचा फळी वळवतो, मागचा जोर लावतो. फळी कढईच्या कडेला लागली की टण् असा आवाज होतो. आवाज झाला की पुढच्यानं दांडा सोडायचा आणि दुसऱ्याच्या हाती द्यायचा, हा आजीच्या वेळेपासूनचा नियम. आमच्याकडे लोक चर्च चुकवतील, पण हा नियम मोडणार नाहीत.

दुपारी दोनच्या सुमाराला डेल्मर आला. मुलगी शॉना त्याला गाडीतून उतरवून कॉफी आणायला गेली. कोट त्याच्या अंगावर नुसता लटकत होता.

“ये रे बाबा,” ओपल म्हणाली. “कोट कुणाचा उसना आणलास?”

“कोट माझाच आहे,” डेल्मर म्हणाला. “मी आटलोय. तुमच्या कढईतल्यासारखा.”

सगळे हसले, म्हणजे हसावं लागलं म्हणून. तो सरळ दांड्यापाशी आला, पुढं उभ्या असलेल्या माणसाच्या खांद्यावर थाप मारली आणि त्याची जागा घेतली. आता मी त्याच्या पाठीशी, दोन हातांवर. सहा वर्षांत मी त्याच्या इतक्या जवळ आले नव्हते. त्याच्या मानेवरची हाडं दिसत होती. मी सगळा जोर माझ्याकडे घेतला, त्याला फक्त वळवायचं राहावं म्हणून. एवढं प्रेम माझ्यात होतं, हेही सांगून ठेवते.

गर फदफदत होता, धूर डोळ्यांत जात होता.

“विल्डा,” तो मागं न बघता म्हणाला. “त्या वरच्या जागेचं...”

आणि तेवढ्यात त्याचा हात ढळला, फळी कडेला लागली. टण्.

आजूबाजूचे लोक एकदम भोपळ्यांकडे बघायला लागले. जणू कुणाला काही ऐकूच आलं नव्हतं. ओपलसुद्धा, जिनं आयुष्यात कुणाची एक टण् माफ केली नाही, ती उगाच लाकडं सारखी करत बसली.

“लागली,” मी म्हणाले. “सोड दांडा.”

“अगं बये,” ओपल हळूच म्हणाली, “राहू दे की.”

“का राहू दे? पन्नास वर्षं तूच आमच्या कानीकपाळी ओरडत आलीस ना? नियम तो नियम.”

डेल्मर वळला. त्यानं माझ्याकडे बघितलं. रागानं नव्हे, रागानं बघितलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

“बरोबर आहे,” तो म्हणाला. “लागली.” आणि त्यानं एकेक बोट उचलत दांडा सोडला.

तो माझ्या कोपराशी जरा वेळ उभा राहिला. मी मान खाली घालून कढईत बघत राहिले. ढवळणं थांबवता येत नव्हतं ना! कुणीही माझ्या हातून दांडा घेतला असता, सांगायचा अवकाश होता. मी सांगितलं नाही.

“दालचिनी कमी आहे,” डेल्मर शेवटी म्हणाला, आणि शॉनाचा हात धरून गाडीकडे गेला. दालचिनी खरंच कमी होती. मी घातली नाही.

सतरा दिवसांनी तो गेला.

त्याला गावाबाहेरच्या नव्या दफनभूमीत पुरलं, पेट्रोल पंपाच्या मागं. तिथून आमचा डोंगर दिसतसुद्धा नाही. लोक पांगल्यावर शॉना माझ्याजवळ आली.

“आत्या, बाबांनी ही जागा ऑगस्टमध्येच घेऊन ठेवली होती,” ती म्हणाली. “आत्याच्या जागेवर माझा डोळा नाही, एवढं तिला सांगून यायचंय, म्हणाले. ती बिचारी उगाच धास्ती घेऊन बसली असेल. म्हणून तर त्या दिवशी त्यांना वर आणलं. पायात त्राण नव्हतं, पण ऐकतील तर शपथ.”

मी पेट्रोल पंपाकडे बघितलं.

“परतताना इतके खूश होते गं! म्हणाले, विल्डाला सांगून टाकलं सगळं. लोवेलला आपल्या माणसांत ठेवलंस ते चांगलं केलंस, हेही सांगितलं. ती ढसाढसा रडली, म्हणाले.” शॉनानं डोळे पुसले. “मी कॉफीच्या रांगेत अडकले होते, मला बघायला मिळालं नाही. खरंच रडलीस तू?”

“हो,” मी म्हणाले. “दांडा हातात होता, तशीच रडले.”