पलीकडच्या वेशीपाशी

नदीच्या दोन्ही काठांवर एकाच प्राचीन शहराचे अवशेष होते आणि मधल्या पाण्यातून सरहद्द गेली होती. वर्षातून एकदा अवशेष पाहायला म्हणून पलीकडे जायचा परवाना मिळे. सकाळी धुकं असतानाच दोन्ही काठांवरून एकेक लाँच सुटायची ती संध्याकाळीच परतायची. अधेमधे काही सोय नव्हती.

धाकटीला पडक्या भिंतींचं काडीचं कौतुक नव्हतं. तिला थोरल्या बहिणीला, अक्काला भेटायचं होतं. अक्का लग्न होऊन पलीकडे गेली, मागून सरहद्द आखली गेली, आणि आता तर डॉक्टरांनीही हात टेकले होते. पुढच्या वर्षीचा परवाना काय कामाचा? फोनवर अक्का धापा टाकत म्हणाली होती, "पलीकडच्या वेशीपाशी भेटू. मी येते." आणि फोन तुटला होता, तो पुन्हा लागलाच नाही.

पलीकडच्या काठावर वेशीची एक कमान तेवढी उभी होती. तिच्या सावलीत धाकटी मांडीवर डबा घेऊन बसली. गाईडने लोकांना स्नानगृह दाखवलं, धान्याचं कोठार दाखवलं. ही जागची हलली नाही. घड्याळं दुरुस्त करणारा तिचा नवरा मात्र सगळं पाहून आला.

"पहिल्यापासून अशीच ही!" धाकटी करवादली. "शाळा सुटली तरी मला फाटकाशी ताटकळत ठेवायची."

नवरा हसला आणि हसता हसता थांबला. "अगं, ती नक्की काय म्हणाली?"

"पलीकडच्या वेशीपाशी. म्हणजे इथेच की!"

"हे आपलं पलीकडे. तिचं?"

धाकटीने नदीपलीकडे पाहिलं. दोघी बहिणींच्या माहेरी पलीकडे म्हणजे हाच काठ. पण अक्काचा सगळा संसार इथे झाला होता. तिच्या तोंडी पलीकडे म्हणजे आता माहेर होतं, आणि तिकडेही अशीच एक वेस होती. धाकटी धक्क्याकडे धावली, शिपायाच्या हातापाया पडली. त्याने बिचाऱ्याने नुसती नकारार्थी मान हलवली.

संध्याकाळी नदीच्या मध्यावर दोन्ही लाँच एकमेकींजवळून गेल्या. शाल गुंडाळून, हाडांचा सापळा झालेली अक्का कडेच्या बाकावर बसली होती.

"अक्का! अगं, इकडे बघ! अक्का!" धाकटी कठड्यावरून अर्धी बाहेर झुकली, नवऱ्याने तिला कमरेला धरून ठेवलं. इंजिनांच्या धडधडाटात तिचं तिलाच ऐकू येईना. अक्काने मान वर केली. तिची नजर यांच्या लाँचवरून तशीच पुढे सरकली, माहेरच्या काठावर मागे पडलेल्या वेशीवर जाऊन थांबली. धाकटी अजून येईल म्हणून ती तिकडेच बघत होती.