जुन्या फोनवर दिसेल असं लग्न

तळहाताच्या रेषेत ज्वारीचा एकच दाणा अडकून बसला होता, हळदीनं पिवळाधमक, आणि तो नखानं काढता काढता रुख्मिणीबाईंच्या डोक्यात श्यामच घोळत होता — नातू झाला म्हणून काय झालं, उद्याच्या लग्नात अक्षता टाकू नका असं गावभर सांगत सुटायचं? घरात आजी बसली आहे, तिला एका शब्दानं न विचारता? परातभर ज्वारी त्यांनी स्वतः निवडून, हळद-कुंकू लावून ओसरीवर वाळत घातलेली, आणि हा बहाद्दर सकाळी पारावर जाऊन म्हणतो, मंगलाष्टकांना नुसते हात जोडा. नुसते हात जोडायला ते लग्न आहे का मय... थू. नको ते तोंडात येतं.

"काहून रे, ज्वारीनं तुहं काय खाल्लं?"

श्याम मांडवात तारा पसरून बसला होता. अमरावतीच्या एका स्टुडिओत त्याचं हेच काम — इथं लग्न लागायचं आणि लांबच्या सोयऱ्यांनी त्याच घटकेला ते फोनवर पाहायचं. उद्या त्याच्याच बहिणीचं, रागिणीचं लग्न. बार्शीटाकळीहून वऱ्हाड येणार.

"आजी, ज्वारी उधळली का चेहरे फुटतेत."

"ज्वारीनं कोणाचं थोबाड फुटलं आजवर?"

"थोबाड नाई वं, चित्र. आपल्या इथं नेट सुतळीएवढं. एकेक दाणा हलते, तं त्या प्रत्येक दाण्याची खबर त्या सुतळीतून धाडा लागते. मंग चेहऱ्यासाठी जागाच उरत नाई."

"अन् जे हलत नाई?"

"ते पुन्हा धाडतच नाई. मांगचंच तिथं ठेवते."

मांगचंच ठेवते. असं कसं ठेवतं? ते वाक्य त्यांच्या कानात राहिलं.

रागिणीला पाटावर बसवून त्यानं आजीलाच मूठभर अक्षता टाकायला लावल्या. मग फोन पुढं धरला. पोर बसली होती तोवर नाक-डोळे लख्ख, आणि दाणे सुटले तसा सगळा चेहरा गोधडीच्या ठिगळांसारखा चौकोनी झाला, गाल कानावर सरकला, डोळा विझला, आणि त्या ठिगळांच्या मागून क्षणभर कपाळ तेवढं वर आलं — रुंद, मधे दबलेलं — ते रागिणीचं नव्हतं. सूर्यभानचं होतं. पोरीनं बापाचंच कपाळ आणलं आहे, हे काय आजच कळलं? पण असं एकटं, बाकी चेहरा पुसून टाकलेलं कपाळ त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

"फेक ते तिकडं," त्या म्हणाल्या आणि फोन ढकलला.

सूर्यभान... त्या वर्षी पाऊस दोनदा हूल देऊन गेला, दोनदा पेरलेलं जळालं, आणि तिसऱ्यांदा बियाणं आणायला तो अमरावतीला गेला. गेला तो गेलाच. पोलीस झाले, रिद्धपूरला नवस झाला, कोणी म्हणालं सुरतेत गिरणीच्या फाटकाशी दिसला, कोणी म्हणालं तो नव्हेच. सून सत्यभामा अजून कपाळाला कुंकू लावते, आणि कोणी तिच्याकडे टक लावून पाहिलं तर रुख्मिणीबाई त्या माणसाला चहा न देता वाटेला लावतात. त्यांच्या डोळ्यांपुढं मात्र तो दारातच उभा — निळा चौकड्यांचा सदरा, काखेत रिकामी थैली, चपलेचा अंगठा तारेनं बांधलेला. एवढी वर्षं झाली, सदरा विटला नाही, केस पिकले नाहीत. तो दारात हललाच नाही, मग नवं कुठून येणार... मांगचंच ठेवते.

दुपारी परात उचलताना त्यांनी पुन्हा विषय काढला. एवढी यंत्रं आली, यावर काही इलाज नसेल? श्याम म्हणाला, आहे. चित्र बारीक घडी घालून धाडायच्या दोन तऱ्हा, त्यांना कोडेक म्हणतात. एक चौसष्ट नंबरची, जुनी. एक पासष्ट, नवी, तिची घडी अजून लहान होते, म्हणून तेवढ्याच नेटात दाणेही मावतात आणि चेहरेही.

"मंग पासष्ट लाव ना, लेकाच्या. इतका वेळ माह्यं डोकं काहून खाल्लं?"

"जुन्या फोनवर ते उघडत नाई. नुसता काळा पडदा दिसते."

"दोन्ही लाव."

"सुतळीत एकच मावते, आजी."

रुख्मिणीबाई परात घेऊन तशाच उभ्या राहिल्या. शाळा त्यांनी उंबऱ्याबाहेरून पाहिली असेल-नसेल, पण माणसं त्यांना मोजता येत होती. पुण्याची भाची सत्यवती — तिचा फोन लेकानं दिवाळीत घेतलेला, नवाकोरा. नागपूरचे सोयरे उत्तमराव तर फोन खिशात कमी आणि हातात जास्त मिरवतात. आणखी कोण पाहणार होतं?

"कोणाजवळ हाय रे जुना फोन?"

श्याम तार गुंडाळत होता. गुंडाळलेली तार त्यानं सोडली आणि पुन्हा गुंडाळायला घेतली.

"असन कोणाजवळ."

"अन् सुरतच्या गिरणीवाल्यायले लग्नाची लिंक काहून धाडली? सत्यभामा सांगत होती."

श्यामनं तार पायाशी टाकली. मान खाली, आणि कानाच्या पाळ्या लाल झालेल्या.

परात जड झाली. मेला असेल, असं त्या रात्री-अपरात्री स्वतःशी म्हणत आल्या होत्या. कुठं खाटेवर पडून असेल, आठवणच गेली असेल, असंही. एवढ्या वर्षांत हे दोनच सूर्यभान घरात वावरत होते आणि दोघांचीही सवय झाली होती. आता या पोट्ट्यानं तिसरा आणून बसवला — कुठल्याशा खोलीत, हातात तडकलेला फोन, धडधाकट, लेकीचं लग्न पाहतो आहे... आणि पाहून झालं की फोन खिशात घालून कामावर जातो आहे. देवा, हा नको. पहिला परवडला. आपण पोटच्या पोराबद्दल काय म्हणालो हे कळलं, तरी त्यांनी ते मागं घेतलं नाही.

पण मग त्यांचं त्यांनाच दिसलं, की आपण मघापासून हिरवं लुगडं की जांभळं याचा विचार करतो आहोत. त्याला आपण कशा दिसू — त्याच्या डोळ्यांपुढंही एक रुख्मिणी दारात उभी असेल, काळ्या केसांची, दातांची. तीच ठेवली असेल त्यानं इतकी वर्षं. आणि उद्या एकदम ही म्हातारी. ओळखेल?

श्यामनं कॅमेरा तीन पायांच्या तिकाटण्यावर चढवला आणि पडद्यावर मांडवाचा खांब आला, खांबाशेजारी त्याच, परात कडेवर घेऊन. तिथून त्यांना सरकता आलं असतं. त्यांनी परात खाली ठेवली, पदर सारखा केला आणि मान ताठ धरून, पापणीही न हलवता, तिथंच बसल्या. पडद्यावर सुरकुती न् सुरकुती स्वच्छ उमटली.

"आजी," श्याम हळूच म्हणाला, "चौसष्टच ठेवू ना, जुन्या फोनवर दिसते ते?"

त्यांनी मान वळवली नाही.

"तू तुह्या बापावर गेला, श्याम. मनात एक, करते एक, अन् घरच्यायले पत्ता नाई."