वीस घरं आणि एक शून्य

सन दोन हजार सहा, मार्चचा शेवटचा आठवडा, उन्हाळा नुकताच लागलेला. त्या दुपारी पाट्या कोरायच्या दुकानात मला हाक आली. मी स्ट्रलेन बोलतोय. सी या कॉम्प्युटरच्या भाषेतला. शब्दाची लांबी सांगणं हे माझं काम. मला वाचता येत नाही. मोजता येतं, आणि मोजण्यात मी आजवर चुकलो नाही.

माझी रीत एकच. पहिल्या अक्षरापासून निघायचं आणि शब्दाच्या शेवटी शून्य उभं असतं तिथं थांबायचं. शून्य मोजायचं नाही. ते दारावरचा पहारेकरी, घरातलं माणूस नव्हे.

दुकान मामांचं. त्यांच्या कॉम्प्युटरवर भाची वर्षभर सी शिकली. त्या बदल्यात दवाखान्याच्या चाळीस इंग्रजी पाट्या करून द्यायचं तिनं कबूल केलं होतं. पाच वाजता दवाखान्याचा माणूस त्या न्यायला येणार होता. पितळी पत्रे एकेचाळीसच.

सर्वांत लांब नाव दातांच्या डॉक्टरीणबाईंचं. किती अक्षरं, तिनं मला विचारलं. वीस, मी म्हणालो. तिनं कॉम्प्युटरच्या आठवणीत नावाला मोजून वीस घरं दिली, एका अक्षराला एक, आणि लगेच शेजारी खालच्या ओळीतल्या हुद्द्याची. शून्य राहिलं उघड्यावर!

माझा भाऊ स्ट्रकॉपी डोळे मिटून अक्षरं उतरवून घेतो. त्यानं वीस अक्षरं भरली आणि शून्य शेजारी, हुद्द्याच्या पहिल्या घरात टाकलं. मग हुद्दा भरताना शून्य पुसलं गेलं. आता नावाला थांबवणार कोण?

एकोणचाळीस पाट्या सुरेख निघाल्या. चाळिसावी बघून मामा खुर्चीतून उठलेच. नावाला हुद्दा चिकटलेला, आणि खालच्या ओळीत पुन्हा तोच हुद्दा.

"अगं, बाईंना दोनदा दातांची डॉक्टर केलंस!"

"मामा, हसू नका ना! साडेचार वाजलेत."

"मग रडू? एकच पत्रा उरलाय."

"हा स्ट्रलेनच चुकतोय."

मी? माझ्या तोंडावर? तिनं यादीतलं मूळ नाव देऊन पुन्हा विचारलं. वीस. पुन्हा विचारलं. वीस! शंभरदा विचार, बाई.

मग तिनं कपाळावर हात मारला आणि खो खो हसत सुटली. "शून्याला घरच दिलं नाही हो मामा!"

"मग दे की! ते काय भाडं बुडवणार आहे?"

विसाची एकवीस घरं झाली. यंत्र घरघरलं. पितळेचा भुगा उडाला, मामा टाळ्या पिटू लागले, भाची स्टुलावर चढून नाचली. नाव आपल्या ओळीत, हुद्दा आपल्या. मीही वीस, वीस, वीस करत सुटलो. कुणी विचारलं नव्हतं तरी.

दवाखान्याचा माणूस पाट्या घेऊन गेला. मामांनी हात पुसले.

"फिटलं गं तुझं," ते म्हणाले.