शिंप्याने बदललेली गोळी

सकाळचे पावणेआठ, शाळेची घंटा आठची, आणि मुलीचा एक मोजा गायब. हे आपल्यापैकी कितीतरी जणांच्या ओळखीचं असेल. शिंप्याच्या घरात मात्र ते रोजचं होतं. त्याच्या दहा वर्षांच्या लेकीला सगळे भिंगरी म्हणत. मोजा शोधायला गेलेली भिंगरी खिडकीशी मुंग्या मोजत सापडायची. वर्गात बाईंचं अर्धं वाक्य तिच्या कानात शिरायचं, उरलेलं हवेत विरायचं. शेवटी डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं की हा हट्ट नाही आणि वांडपणाही नाही. याला एडीएचडी म्हणतात. लक्ष एका जागी धरून ठेवणं या मुलांना फार जड जातं.

पहिलं औषध उत्तेजक गटातलं होतं. त्याने लक्ष लागलं, पण भूक मेली आणि डोळे सारखे मिचकायला लागले. म्हणून डॉक्टरीणबाईंनी ते थांबवून उत्तेजक नसलेली गोळी सुरू केली. रोज ठरल्या वेळी द्यायची आणि मला विचारल्याशिवाय बंद करायची नाही, असं त्यांनी बजावलं होतं. तीन महिन्यांत भिंगरी धडा शेवटपर्यंत वाचू लागली. आई बेकरीत पहाटेच्या पाळीला जायची, त्यामुळे गोळी द्यायचं काम शिंप्याकडे होतं. दिली की भिंतीवरच्या तक्त्यात खूण करायची.

पण त्याच्या पोटात एक भीती होती, आणि ती त्याने बायकोलाही सांगितली नव्हती. त्याचा धाकटा भाऊ झोपेच्या गोळ्यांच्या आहारी जाऊन संपला होता. पट्टीतून गोळी बाहेर ढकलताना होणारा बारीकसा आवाज ऐकला की त्याला भावाची बंद खोली दिसायची.

एके दिवशी कोटाचं माप द्यायला घरी आलेल्या गिऱ्हाइकाची नजर तक्त्यावर गेली आणि त्याने तो कसला ते विचारून घेतलं. पोरीला डोक्याच्या गोळ्या देता, सवय लागेल हो, असं तो म्हणाला. आमच्या वेळी दोन धपाट्यांत भागायचं, हेही वर ऐकवलं. तो गेल्यावर शिंप्याने गोळ्यांच्या खोक्यातला माहितीचा कागद उलगडला. त्यात रक्तदाब हा शब्द होता. एवढ्याशा पोरीला रक्तदाबाचं औषध?

दुसऱ्या दिवसापासून त्याने तिच्या तळहातावर जीवनसत्त्वाची गोळी ठेवायला सुरुवात केली. तीही पांढरी, तीही तेवढीच. भिंगरीने ती मुकाट्याने गिळली. शिंप्याने तक्त्यात खूण केली. आपण लेकीला वाचवतोय असंच त्याने मनाला समजावलं.

चौथ्या दिवशी दुपारी शाळेतून फोन आला. तो पोचला तेव्हा भिंगरी बाकावर आडवी होती. डोकं फुटतंय म्हणाली. कपाळ घामाने थबथबलं होतं. त्याने तिच्या छातीवर हात ठेवला आणि चटकन मागे घेतला. आत काहीतरी सुटलं होतं, धावत होतं. दवाखान्यात सिस्टरने रक्तदाब मोजला, पुन्हा मोजला, आणि धावतच डॉक्टरीणबाईंना बोलवायला गेली.

तोवर आई आली. बाहीवर पीठ तसंच होतं.

"एखादी गोळी चुकली का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

आई म्हणाली, "एकही नाही. घरी तक्ता आहे."

भिंगरीने डोळे न उघडताच मान हलवली. "बाबा रोज देतात."

मग दुसरं कारण शोधावं लागेल, डोक्याचा स्कॅन करू, मूत्रपिंडही तपासू, असं डॉक्टरीणबाई सांगत होत्या. स्कॅनच्या मशीनमध्ये एकटी झोपलेली लेक त्याच्या डोळ्यांसमोर आली. आता गप्प राहिलो तर ही माणसं चुकीच्या वाटेने शोधत राहतील, आणि इकडे पोर…

"मी दिली नाही," तो म्हणाला. "तीन दिवस दिली नाही, आजही नाही. दुसरीच दिली."

बायकोने त्याच्याकडे पाहिलं. ती नजर त्याला कोणत्याही शिवीपेक्षा जड वाटली. डॉक्टरीणबाईंनी मात्र लगेच सिस्टरला सूचना दिल्या, औषध पुन्हा सुरू केलं, आणि दर पंधरा मिनिटांनी रक्तदाब पाहायला सांगितलं. पहिले तीन आकडे खाली आलेच नाहीत. शिंपी दाराच्या चौकटीला धरून उभा होता. चौथा आकडा थोडा उतरला, तेव्हा त्याने चौकट सोडली.

संध्याकाळी डॉक्टरीणबाईंनी त्याला समोर बसवलं. भावाची हकिगत त्यांनी शेवटपर्यंत ऐकली.

"या गोळीची नशा लागत नाही," त्या म्हणाल्या. "मूळची ती रक्तदाबाचीच, पण लक्षासाठीही उपयोगी पडते. शरीर तिच्याशी जुळवून घेतं. एकदम काढली की रक्तदाब उसळतो, म्हणून ती पायरी पायरीने कमी करायची असते. उत्तेजक नसलेलं आणखी एक औषध आहे, त्याचा गुण यायला काही आठवडे लागतात. त्याचाही विचार करता आला असता. औषध नकोच, असं तुम्ही म्हणाला असतात तरी मी ऐकलं असतं. भीती वाटणं हा गुन्हा नाही हो. तुम्ही ती माझ्यापासून लपवली आणि मुलीवर प्रयोग केला."



दोन दिवसांनी भिंगरी घरी आली. बायको त्याच्याशी अजून बोलत नव्हती. त्याने लेकीसमोर बसून सगळं खरं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "त्या दिवसांत बाई मला तीनदा ओरडल्या. मला वाटलं, मी पुन्हा वाईट झाले. तो माझा दोष नव्हता?"

"नव्हता. माझा होता."

तिने हुंदका दिला, आणि त्याच्या लक्षात आलं की रक्तदाबापेक्षाही हे दुखणं मोठं होतं.

वाचकहो, आपल्या मुलांच्या औषधांची भीती आपल्या सगळ्यांनाच वाटते, वाटावीही. पण ती भीती डॉक्टरांसमोर मोकळेपणाने मांडा. गिऱ्हाइकाच्या एका वाक्यावर, चोरून, एकट्याने निर्णय घेऊ नका. मूल आपल्या हातून डोळे मिटून गोळी घेतं. त्या विश्वासाशी खोटं वागायचा हक्क कोणत्याही आईबापाला नाही.